चेहरा की शिलाई : शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांची छायाचित्रे कशी वाचावीत?

ऑगस्ट महिना लागला की वृत्तपत्रांत एक छायाचित्र हमखास येते. हुबळीच्या बेंगेरी भागातील कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघाच्या आवारातले ते असते. शिवणयंत्रांची रांग, यंत्रांवर वाकलेल्या स्त्रिया आणि त्यांच्या मांडीवरून खाली ओघळणारे केशरी, पांढरे, हिरवे कापड. खालची ओळही बहुधा ठरलेली असते : राष्ट्रध्वज शिवण्यात मग्न असलेल्या महिला. छायाचित्रकाराचे किंवा वृत्तसंस्थेचे नाव कोपऱ्यात असते, शिवणारीचे नाव सहसा कुठेच नसते. आपल्या या जुळ्या शहरातील शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांचे बाहेरच्या जगाने सर्वाधिक पाहिलेले चित्र कोणते, असे विचारले तर उत्तर हेच द्यावे लागेल.

प्रस्तुत लेखात या चित्राच्या उलट बाजूचा विचार करावयाचा आहे. शिवणकाम करणारी स्त्री स्वतः कॅमेरा हातात घेते तेव्हा ती काय टिपते, आणि आपण अध्यापक मंडळी ते कसे वाचतो? विषय छायाचित्रकलेचा वाटला तरी त्याचा आपल्या वर्गांशी जवळचा संबंध आहे. आपल्या महाविद्यालयांत येणाऱ्या अनेक मुलींची फी आईच्या शिवणयंत्रातून निघते, आणि ‘श्रमिक स्त्री’ या विषयावरचे प्रकल्प व प्रदर्शने आपणच या मुलींकडून करवून घेतो. त्या प्रकल्पांत कोणत्या छायाचित्राला पहिला क्रमांक द्यायचा हे आपणच ठरवतो.

प्रथम बेंगेरीचे चित्र नीट पाहू. हा संघ १९५७ साली स्थापन झाला. भारतीय मानक ब्युरोच्या निकषांनुसार खादीचा राष्ट्रध्वज तयार करणाऱ्या देशातील मोजक्या संस्थांपैकी ही सर्वांत परिचित संस्था; मराठी वाचकांना नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीही याच कामासाठी ठाऊक असेल. ध्वजाची प्रमाणित मापे नऊ आहेत. सर्वांत लहान १५० बाय १०० मिलिमीटरचे, टेबलावर ठेवण्याजोगे. सर्वांत मोठे ६३०० बाय ४२०० मिलिमीटरचे, म्हणजे एखाद्या खोलीपेक्षा मोठे. कताई, विणाई, रंगाई, चक्राची छपाई, शिलाई आणि शेवटी दोर बसवणे असे टप्पे आहेत. अशोकचक्राच्या चोवीस आऱ्या कापडाच्या दोन्ही बाजूंना अचूक एकमेकींवर याव्या लागतात. मापात, रंगात वा टाक्यात फरक पडला तर तो ध्वज बाद होतो. काम करणाऱ्यांत स्त्रियांचीच संख्या मोठी आहे.

यांपैकी त्या छायाचित्रात काय दिसते? रंग दिसतो, वाकलेली मान दिसते. बाद झालेला ध्वज दिसत नाही. तो कोणाच्या हातून बाद झाला आणि त्याचा भुर्दंड कोणावर पडला हे दिसत नाही. ३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत दुरुस्ती होऊन यंत्रावर तयार केलेल्या आणि पॉलिएस्टरच्या ध्वजालाही परवानगी मिळाली. २०२२ साली घरोघरी तिरंगा लावण्याची मोहीम झाली, आणि खादीचा ध्वज करणाऱ्यांनी आमच्या पोटावर पाय येतो म्हणून निषेध नोंदवला. वर्षानुवर्षे छापले जाणारे चित्र मात्र त्यानंतरही तसेच राहिले. मागणी वाढली काय आणि घटली काय, छायाचित्रातील स्त्री ‘मग्न’च असते. छायाचित्र खोटे नाही, पण ते शिवणारीविषयी नसून ध्वजाविषयी आहे. तिचे काम त्या चित्रात कापडाला शोभा आणण्यापुरते आहे.

लाल किल्ल्यावर ऑगस्ट १९४७ मध्ये फडकलेल्या तिरंग्याची छायाचित्रे घेणाऱ्यांत होमाई व्यारावाला होत्या, हे इथे आठवते. भारतातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांची नोंद होते, पण मुंबईतील त्यांची सुरुवातीची छायाचित्रे पतीच्या नावाने छापली जात. कॅमेरा बाईच्या हातात आला तरी नाव तिचे होत नाही, असा हा अनुभव आहे. पुढच्या चर्चेत तो ध्यानात ठेवावा लागेल.

कॅमेरा ज्यांचे जीवन टिपायचे त्यांच्याच हाती द्यावा, ही कल्पना पद्धतशीरपणे मांडली गेली ती चीनमधील युन्नान प्रांतात. कॅरोलिन वँग आणि मेरी अ‍ॅन बरिस या दोन संशोधिकांनी १९९२ पासून तेथील ६२ ग्रामीण स्त्रियांना साधे कॅमेरे दिले. फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने चाललेला तो स्त्री-आरोग्याचा कार्यक्रम होता. यातून पुढे ‘फोटोव्हॉइस’ या नावाची पद्धत रूढ झाली आणि १९९७ साली तिची सविस्तर मांडणी प्रसिद्ध झाली. पाउलो फ्रेरे यांचे शिक्षणशास्त्र, स्त्रीवादी विचार आणि माहितीपट-छायाचित्रणाची परंपरा या तिन्हींचा तिला आधार आहे. पद्धतीचा गाभा मला महत्त्वाचा वाटतो. स्त्रियांनी छायाचित्रे काढायची, त्यांतून स्वतः निवड करायची, निवडलेल्या चित्राविषयी एकत्र बसून बोलायचे, आणि मग ती चित्रे निर्णय घेणाऱ्यांपुढे ठेवायची. युन्नानमध्ये यातून पाळणाघरे, सुइणींचे प्रशिक्षण आणि मुलींच्या शिष्यवृत्त्या यांसारख्या गोष्टी पुढे आल्याचे वँग यांनी नोंदवले आहे.

आपल्याकडे ही पद्धत पोहोचली तेव्हा तिच्यातला पहिला भागच काय तो उचलला गेला. कॅमेरे वाटले, चित्रे काढवून घेतली. निवड मात्र संयोजकांनी केली, ओळी त्यांनीच लिहिल्या, आणि निर्णय घेणाऱ्यांऐवजी प्रदर्शनाच्या उद्घाटनाला पाहुणे आले. असे प्रदर्शन पाहून हळहळणे सोपे असते. त्यात चूक कोणाची हे शोधण्यापेक्षा हा भाग का गळतो ते पाहणे उपयोगाचे ठरेल. बोलायला वेळ लागतो, आणि नगावर शिलाई मिळणाऱ्या बाईकडे तोच नसतो. एक दुपार चर्चेत गेली तर दोन ब्लाऊज राहतात.

अहमदाबादचा अनुभव यापेक्षा वेगळा आहे, म्हणून तो थोडा सविस्तर सांगतो. इलाबेन भट्ट यांनी १९७२ साली ‘सेवा’ ही संघटना स्थापन केली. तिच्या आरंभीच्या लढ्यांपैकी एक दर्यापूर भागातील स्त्रियांचा होता. गिरण्यांतून येणाऱ्या चिंध्या जोडून गोधड्यांच्या खोळी शिवणाऱ्या या स्त्रिया बहुतांश मुस्लिम होत्या, घरी बसून काम करीत, आणि व्यापारी त्यांना नगावर पैसे देत. कायद्याच्या भाषेत त्या कामगार आहेत की नाहीत हाच पहिला वाद होता. मालक म्हणे, या तर गृहिणी आहेत, फावल्या वेळात शिवतात. पुढे १९८४ साली मार्था स्टुअर्ट या अमेरिकन बाईंनी तेथे चित्रफीत बनवण्याचे शिबिर घेतले आणि त्यातून ‘व्हिडिओ सेवा’ उभी राहिली. शिबिरातील अनेक स्त्रियांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांतील एक भाजी विकणारी होती. तिने आणि तिच्या साथिणींनी माणेक चौकातील फेरीवाल्या बायकांवर केलेली चित्रफीत प्रसिद्ध आहे. इथे दृश्य नोंद एका चालू भांडणाला जोडलेली होती. चित्र कशासाठी काढायचे हे कॅमेरा येण्याआधीच ठरलेले होते, आणि ज्यांना ते दाखवायचे ती माणसेही ठाऊक होती. युन्नान आणि अहमदाबाद यांत मला अहमदाबादचे उदाहरण अधिक मोलाचे वाटते ते याचसाठी.

आता आपल्या सुभाष रोडकडे येऊ. धारवाडच्या या रस्त्याचे नाव साहित्याच्या अभ्यासकांना ठाऊक आहे ते मनोहर ग्रंथमालेमुळे. जी. बी. जोशी यांनी १९३३ साली सुरू केलेल्या या प्रकाशनसंस्थेच्या माळ्यावर, कन्नडमध्ये ‘अट्टा’वर, कन्नडचे लेखक-समीक्षक जमत, गिरीश कार्नाड यांचे ‘ययाति’ १९६१ साली इथूनच प्रसिद्ध झाले. माळ्यावर काय बोलले गेले, कोण आले, कोण गेले याच्या आठवणी लिहिल्या गेल्या आहेत. त्याच रस्त्यावरच्या कापडाच्या दुकानांतून दररोज साड्या, खण, अस्तराचे कापड बाहेर पडते आणि आसपासच्या गल्ल्यांतील घराघरांत जाते. पिको-फॉल, काज-बटण, पदराचे गोंडे, ब्लाऊज, सलवार-कमीज, शाळेचे गणवेश ही कामे करणाऱ्या हातांची नोंद कोणत्याही माळ्यावर नाही.

नोंद नाही असे आपण म्हणतो खरे, पण ते आता तितकेसे खरे राहिलेले नाही. घरी शिवणाऱ्या बाईच्या मोबाइलमध्ये डोकावले, अर्थात तिने दाखवला तर, तर शेकडो छायाचित्रे सापडतात. कोणत्याही संस्थेने तिला ती काढायला सांगितलेली नाहीत. ती धंद्याच्या गरजेतून आली आहेत. माझ्या मते आपल्या भागातील शिवणकामगार स्त्रियांनी स्वतः केलेली खरी दृश्य नोंद हीच आहे आणि समीक्षेने ती गांभीर्याने वाचली पाहिजे.

या चित्रांत काय असते? गिऱ्हाइकाने पाठवलेला गळ्याचा नमुना. आलेले कापड आणि त्यावर ठेवलेला मापाचा ब्लाऊज. शिवून झालेली पाठ, दाराच्या कडीला हँगरवर अडकवलेली, दोरी आणि लटकन नीट दिसेल अशी. कापडावर आधीपासून असलेला डाग किंवा विरलेला भाग, कात्री लावण्यापूर्वी काढून ठेवलेला, म्हणजे नंतर तंटा नको. ठेकेदाराकडून आलेल्या गठ्ठ्यावरची चिठ्ठी. मेकॅनिकला पाठवायचा यंत्राचा मोडलेला भाग. पूर्वी बिलाच्या पावतीला कापडाचा छोटा तुकडा टाचणीने लावून ठेवत. आज त्या तुकड्याचे काम फोटो करतो. इथे छायाचित्र प्रथम हिशेब आहे आणि मग चित्र.

डागाच्या फोटोपाशी थोडे थांबू. गिऱ्हाईक वरचढ आणि शिवणारी एकटी, असा हा व्यवहार आहे. कापड खराब झाले तर दोष तिच्यावर येणार, शिलाई कापली जाणार, वर साडीचे पैसे मागितले जाणार. तोंडी साक्षीला किंमत नाही. अशा वेळी कात्री लावण्याआधी काढलेला तो एक फोटो तिचा साक्षीदार होतो. छायाचित्राचा पुरावा म्हणून वापर कसा करावा याची जाण तिला कोणत्याही कार्यशाळेने दिलेली नाही. आपण मात्र तिच्या हाती कॅमेरा देऊन तिला ‘व्यक्त व्हायला’ शिकवू पाहतो.

या संग्रहात नसते ती ती स्वतः. चेहरा जवळपास नाहीच. क्वचित हात दिसतो, तोही कापड ताणून धरण्यासाठी. पण चौकटीच्या कडा वाचायला शिकलो तर तिचे घर त्यात आपोआप येते. हँगरच्या मागे दाराचा उडालेला रंग असतो. पलंगावर पसरलेल्या इलकल साडीच्या कडेला लहान मुलाचा पाय आलेला असतो. यंत्राशेजारी दप्तर असते, कधी आजाऱ्याच्या गोळ्यांची पाकिटे. यंत्र ज्या खोलीत त्याच खोलीत स्वयंपाक, अभ्यास आणि झोप, हे लिहून सांगायला आपल्याला परिच्छेद लागतो; त्या फोटोच्या डाव्या कोपऱ्यात ते आहेच.

या संग्रहाची एक मोठी मर्यादाही आहे, आणि ती तंत्रातून येते. ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत कापडाचा रंग बदलतो. मोरपंखी निळा दिसतो, डाळिंबी तपकिरी. गिऱ्हाईक तक्रार करील म्हणून फोटो उंबऱ्याशी, खिडकीशी, दिवसाच्या उजेडात काढतात. परिणामी सगळा संग्रह सकाळ-दुपारचा होतो. प्रत्यक्षात रमजानचे शेवटचे दहा दिवस, गणपती, दिवाळी आणि लग्नसराई या काळात काम मुख्यतः रात्री होते. जास्तीत जास्त श्रम ज्या वेळी होतात त्या वेळेचे चित्रच नाही. ती वेळ कळते वेगळ्याच जागी : ‘झाले, सकाळी न्या’ हा निरोप रात्री दीड वाजता गेलेला असतो. म्हणून या नोंदी वाचताना चित्र, त्याखालचा निरोप आणि त्याची वेळ हे तिन्ही एकत्र वाचावे लागतात. नुसते चित्र प्रदर्शनात लावले की त्यातली रात्र निघून जाते.

भाषेचा अभ्यासक म्हणून इथे थोडे विषयांतर करण्याचा मोह होतो. उर्दूत तस्वीर ‘खींचतात’, मराठीत फोटो ‘काढतात’, आणि कन्नडमध्येही ‘तेगे’ म्हणजे काढणेच. मराठीत रांगोळी काढतात, चित्र काढतात आणि कशिदाही काढतात. कशिदा हा शब्द फारसी ‘कशीदन’ या धातूचा, अर्थ ओढणे, खेचणे. म्हणजे उर्दूच्या ‘खींचना’चाच भाऊ. तस्वीर या शब्दाची आपण मराठीत तसबीर केली आणि तिला चौकट घालून भिंतीवर, बहुधा देवाच्या किंवा दिवंगत माणसाच्या वाट्याला दिली. धारवाडची कसुती ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक असेल की तिच्यातले गवंती आणि मुर्गी हे टाके कापडाच्या दोन्ही बाजूंना सारखे दिसतात, गाठ कुठेही राहत नाही. स्टुडिओत काढलेल्या जुन्या फोटोलाही मागची बाजू असे. तिथे नाव, तारीख, गाव लिहीत. मोबाइलमधल्या फोटोला पाठ नाही. जे लिहायचे ते कुठे लिहायचे, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण पुढच्या सगळ्या वादाचे मूळ तोच आहे.

चित्र आणि त्याची पाठ यांचा संबंध किती निर्णायक ठरू शकतो हे बांगलादेशाने दाखवले. ढाक्याजवळच्या सावर येथील राणा प्लाझा ही इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली आणि १,१०० हून अधिक माणसे मेली. त्यांत बहुसंख्य शिवणकामगार स्त्रिया. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेले होते. त्या तड्यांचे चित्रण दूरचित्रवाणीवर दाखवलेही गेले होते. खालच्या मजल्यावरील बँकेने आपले कर्मचारी घरी पाठवले, कपड्यांच्या कारखान्यांतील कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावले गेले. म्हणजे चित्र होते, ते लोकांनी पाहिलेही होते, आणि तरी जीव वाचले नाहीत. दृश्य नोंदीचे सामर्थ्य सांगणाऱ्या प्रत्येक लेखात ही घटना यायला हवी. बहुधा ती येत नाही.

दुर्घटनेनंतरचे जे छायाचित्र जगभर गेले ते तस्लिमा अख्तर यांचे : ढिगाऱ्यात एकमेकांना मिठीत घेतलेले स्त्री-पुरुष. तस्लिमा अख्तर या छायाचित्रकार आहेतच, शिवाय शिवणकामगारांच्या संघटनेत काम करतात, त्यामुळे त्यांची नजर परक्याची नाही. ते चित्र हृदय हेलावणारे आहे याविषयी दुमत नसावे. पण त्याच दिवसांतली दुसरी दोन प्रकारची छायाचित्रे मला या विषयासाठी अधिक महत्त्वाची वाटतात.

पहिला प्रकार म्हणजे नातेवाइकांनी हातात धरलेले फोटो. बेपत्ता मुलीचा स्टुडिओतला फोटो, मागे रंगवलेला बगीचा किंवा धबधबा, अंगावर नवा पोशाख. हा फोटो तिने स्वतःच्या पगारातून, स्वतःच्या हौसेने काढवून घेतलेला. कामगार स्त्रीने स्वतःची जी प्रतिमा निवडली होती ती ही होती, आणि तिच्यात शिवणयंत्र कुठेही नाही. आपण ‘श्रमिक जीवनाचे दस्तऐवजीकरण’ म्हणून तिला यंत्रापुढे बसवू पाहतो. तिने मात्र बगीच्यापुढे उभे राहणे पसंत केले होते. या निवडीला भाबडी म्हणून सोडून देणारी समीक्षा मला मान्य नाही. दिवसाचे दहा-बारा तास जिथे जातात ती जागा फोटोत नको, हेही त्या जागेविषयीचे एक विधानच आहे.

दुसरा प्रकार त्याहून रुक्ष आहे : कपड्यांच्या लेबलांचे फोटो. राणा प्लाझाच्या आधी २४ नोव्हेंबर २०१२ रोजी ताझरीन फॅशन्स या कारखान्याला आग लागून ११० हून अधिक कामगार दगावले होते. त्या वेळी आणि नंतर राणा प्लाझातही कामगार संघटनांच्या माणसांनी राखेतून, ढिगाऱ्यातून लेबले आणि कागदपत्रे शोधून त्यांची छायाचित्रे घेतली. परदेशी कंपन्या हात झटकत होत्या. आमचा माल तिथे शिवला जात नव्हता, असे म्हणत होत्या. जळक्या कापडावरचे लेबल त्यांना खोटे पाडत होते. पुढे नुकसानभरपाईच्या आणि इमारतींच्या सुरक्षिततेच्या वाटाघाटींत हा पुरावा उपयोगी पडला. त्या फोटोंत चेहरा नाही, अश्रू नाहीत, रचना म्हणावी तर तीही नाही. कापड आहे आणि कापडावर नाव आहे. सुभाष रोडच्या गल्लीतली बाई कापडावरच्या डागाचा फोटो काढते तेव्हा ती, फार लहान प्रमाणावर, हेच करीत असते.

या कामगार मोठ्या कारखान्यातल्या होत्या, आपल्या गल्लीतली बाई घरी शिवते, हा फरक मला मान्य आहे. पण घरी शिवणारीला पुराव्याची गरज कमी नसून जास्त आहे. कारखान्यातल्या कामगाराकडे हजेरीपट असतो, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक असतो. एप्रिल २०१६ मध्ये बेंगळुरूच्या हजारो शिवणकामगार स्त्रिया त्या निधीच्या बदललेल्या नियमांविरुद्ध रस्त्यावर उतरल्या आणि दोन दिवसांत सरकारने नियम मागे घेतला. वृत्तपत्रांत तेव्हा जळणाऱ्या बसगाड्यांचे फोटो आले, हाही आपल्या विषयाचाच भाग. घरी शिवणारीकडे यातले काहीच नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांविषयीचा करार क्रमांक १७७ हा १९९६ साली केला, भारताने तो स्वीकारलेला नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरी बसून काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या आली, २०२१ पासून ई-श्रम पोर्टलवर आपला व्यवसाय नोंदवता येतो, हे चांगलेच झाले. तरी आपण इतकी वर्षे हेच काम करतो हे दाखवायचे कशाने? गठ्ठ्यावरच्या चिठ्ठीचा, तारखेसह असलेला फोटो हे त्यावरचे एक उत्तर आहे. आणि नेमका तोच फोटो मोबाइल भरला की सर्वांत आधी पुसला जातो, कारण लग्नाचे फोटो पुसवत नाहीत.

चेहऱ्याविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे. आपल्या समाजातील अनेक स्त्रियांना आपला फोटो चारचौघांत लागलेला नको असतो. कारणे निरनिराळी असतात : पर्दा, घरातील पुरुषांची नाराजी, सासरच्या नातेवाइकांना ‘हिला शिवावे लागते’ हे कळू नये ही इच्छा, किंवा केवळ न आवडणे. प्रदर्शन भरवणारे याला अडचण मानतात; चेहऱ्याशिवाय चित्रात जीव येत नाही, असे त्यांना वाटते. वर सांगितलेले सगळे पाहता ही समजूत टिकत नाही. शिवणाऱ्या स्त्रियांनी आपणहून काढलेल्या चित्रांत चेहरा मुळातच नाही, आणि तरी ती बोलकी आहेत. पाठीमागून काढलेला, चेहरा काळा केलेला किंवा ओढणीने झाकलेला फोटो ‘दबलेली मुस्लिम स्त्री’ म्हणून छापणे हा तर त्याहून मोठा अन्याय. तिने फक्त चेहरा द्यायचे नाकारलेले असते, चित्र काढणाऱ्याने त्या नकाराचीच जाहिरात केलेली असते.

तेव्हा आपण आपल्या वर्गात काय करावे? मला एक साधा पाठ सुचतो. विद्यार्थिनीने नवा फोटो काढू नये; आईच्या मोबाइलमधला, आईने निवडलेला एक जुना फोटो घ्यावा. त्याची छापील प्रत काढावी, कारण छापील प्रतीला पाठ असते. पाठीवर आई सांगेल ते तिच्याच बोलीत लिहावे. आपल्याकडे ती दखनी असेल, कन्नड असेल, मराठी असेल, एका वाक्यात तिन्ही असतील. ती प्रमाणभाषेत ‘शुद्ध’ करू नये. कापड कोणाचे, नग किती, कोणत्या सणाचे काम, किती रात्री लागल्या, पैसे कधी हाती आले, हे त्यात यावे. खाली नाव घालायचे की नाही ते आईने ठरवावे. घातले तर ते तिचेच असावे, मुलीचे किंवा मार्गदर्शक अध्यापकाचे नव्हे. एक प्रत घरी राहावी.

भाषेच्या अध्यापकांना यात कितीतरी सामग्री मिळेल. बाही, कटोरी, अस्तर, दाब, झोल, तुरपाई, उसवण या शब्दांचा आपल्या भागातला नेमका उच्चार आणि अर्थ कोशांत सापडत नाही. तीन भाषांचे शब्द एका मापाच्या चिठ्ठीत कसे नांदतात याचा अभ्यास कोणीतरी करायला हवा. तो अशाच पाठींवर होईल.

हे काम करताना एका गोष्टीवर आई अडेल. शिलाईचा दर लिहू नकोस, असे ती म्हणेल. एका गिऱ्हाइकाला एक दर, दुसऱ्याला दुसरा, शेजारणीला उधारीवर. ठेकेदाराने एका घरी नगाला किती दिले ते दुसऱ्या घरी कळले तर काम बंद होण्याची भीती. अभ्यासक म्हणून आपल्याला नेमका तोच आकडा हवा असतो. तरी ती सांगेल तर दराची जागा कोरीच सोडावी. प्रदर्शन पाहायला येणाऱ्यांत सुभाष रोडचे दुकानदारही असतील, आणि आपल्या सहकारी अध्यापिकाही असतील, ज्यांचे ब्लाऊज तिच्याकडेच शिवायला टाकलेले असतात.